ओट्यापुढची चप्पल

एप्रिल लागला की नांदेडात दोन गोष्टी एकदम अंगावर येतात. एक ऊन आणि दुसरे फलक. चौकाचौकात हसऱ्या पोरापोरींचे फोटो, खाली मार्क, आणि त्याखाली ‘व्हेकेशन बॅच सुरू’. ऊन एक वेळ सोसतं, ते हसरे चेहरे मला बघवत नाहीत. मी स्वतः शाळेत विज्ञान शिकवते, तेव्हा हे बोलणं मला शोभत नाही, पण खरं ते खरं. यंदा या दोघांच्या जोडीला तिसरं दुखणं आलं आहे, आणि ते म्हणजे माझी टाच.

सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला की टाचेत खिळा ठोकल्यासारखं होतं. भिंतीला धरून चार पावलं लंगडायचं, मग जरा सैल पडतं. वर्गात दोन तास उभं राहिलं की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. म्हणून मार्चपासून मी चपला शोधते आहे. दुकानातली मुलगी मोठी आर्जवी आहे. “मॅडम, ही मेमरी फोमवाली घ्या, सगळे हीच घेऊन राहिले आता,” म्हणते. मी अंगठ्याने दाबून बघते, आरशापुढे दोन फेऱ्या मारते. गार दुकानातल्या फरशीवर सगळ्याच चपला मऊ लागतात. खरी परीक्षा बाहेर, दुपारच्या डांबरावर. एक जोड अंगठ्याला चावला. दुसरा इतका मऊ की पाय आत बुडतो आणि दुखणं पोटरीत चढतं. तिसरा सगळ्यात आधाराचा, पण चारी बाजूंनी बंद, त्यात पाय उकडून निघतो. थंडीत दुखरा पाय मोजे-बुटात बांधून टाकता येतो. उन्हाळ्यात त्याला वाराही हवा आणि आधारही हवा, आणि या दोघांचं एकमेकांशी पटत नाही.

आई सध्या माझ्याकडे राहायला आली आहे. दाराशी मांडलेले तिन्ही जोड बघून ती म्हणाली, “दुकान टाकलीस का काय गं, वंदे?” मी हसले. ती हसली नाही. खाली वाकून तिने एक चप्पल उचलली, टाचेकडची बाजू बोटाने चाचपली आणि परत ठेवून दिली. ते चाचपणं मला ओळखीचं होतं. दिवसभर माझं कशात लक्ष लागलं नाही.

लातूरच्या त्या उन्हाळ्यात मी अकरावी संपवून बारावीत चालले होते. भूकंपाला थोडी वर्षं झाली होती. आमचं गाव निलंग्याच्या अलीकडचं. आमच्या घरातलं माणूस कुणी गेलं नाही, पण घर गेलं. दगडमातीच्या भिंती बसल्या, माळवद खाली आलं. पुढे पत्र्याच्या शेडमध्ये दिवस काढले. अशा घरातली पोर दहावीला तालुक्यात दुसरी आली म्हटल्यावर सगळ्यांना एकदम दिसायला लागलं की ही डॉक्टर होणार. त्या काळात आमच्याकडे हुशार पोराला दुसरं काही होताच येत नसे. लातूरला क्लासेस निघाले होते, गावोगावची पोरं तिकडे लोटत होती. माझंही ठरलं. मी लातूरला राहायचं आणि आईने माझ्याबरोबर राहून मला करून घालायचं. माझे वडील, अण्णा, आणि काका-काकू गावाकडे शेत बघणार.

खोली शोधताना आईची एकच अट होती. डोक्यावर दगड नको, माळवद नको आणि स्लॅब तर नकोच नको. लोक स्लॅबच्या खोलीसाठी धडपडत होते आणि आम्ही पत्रा शोधत होतो. शेवटी गोलाईच्या मागच्या एका गल्लीत खलीलचाचांच्या आवारात विटांच्या चार भिंती आणि वर पत्रा अशी खोली मिळाली. चाचांचं चपलांचं दुकान होतं, पिढ्यान्‌पिढ्यांचं. खोली दाखवताना ते स्वतःच ओशाळले होते. “ताई, गर्मी में बहुत तपता है, पहले बोल देतो,” म्हणाले. आई वर बघून म्हणाली, “तपू द्या. पत्र्याखाली माणूस मरत न्हाई, निस्तं भाजतंय.”

आणि भाजलं. दुपारी बारा ते पाच त्या खोलीत श्वास घ्यायचा म्हणजे तापल्या तव्यावर तोंड धरायचं. आई पत्र्यावर गवताच्या पेंढ्या टाकून घेई, त्यावर पाणी मारायचं म्हटलं तर पाणीच नसे. नळ आठवड्यातून कधी येईल ते नळालाच ठाऊक. मी सकाळी साडेसहाच्या बॅचला जाई, अकराला परत येई, जेवून टेबलाला बसे. दर रविवारी परीक्षा. सोमवारी यादी लागे आणि त्या यादीच्या क्रमाने बाकावर बसवत. पहिल्या यादीत मी चौथ्या बाकावर होते, मग सातव्या, मग नवव्या. फिजिक्सचे सर फळ्यावर भराभरा लिहीत आणि पुसत, आणि माझी वही अर्ध्यावरच राही. मला डॉक्टर व्हायचं नव्हतं असंही नाही. मला काय व्हायचं होतं ते कुणी विचारलं नव्हतं आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं. मला फक्त गावाकडे जायचं होतं.

अशात आईची टाच सुरू झाली.

याचं कारण मला आज कळतं. तिचा जन्म गेला शेणाने सारवलेल्या भुईवर. ती भुई पायाला सांभाळून घेते. इथे शहाबादी फरशी होती, काळी, टणक. तिथे चुलीपुढे पाटावर बसून भाकरी थापायची, इथे उभा ओटा. आयुष्यात पहिल्यांदा ती उभ्याने स्वयंपाक करत होती. शेगडी खाली घेता आली असती, पण मग माझ्या टेबलाला जागा उरत नव्हती. टेबल हलवायचा विषय मी काढला होता. तिने मला मधेच गप्प केलं. “टेबलाला हात लावायचा न्हाई. त्यासाठीच आलाव आपण,” म्हणाली.

डॉक्टरांनी टाच दाबून बघितली आणि हाड वाढलंय म्हणाले. फार उभं राहायचं नाही, कडक फरशीवर अनवाणी फिरायचं नाही. बाहेर तर बाहेर, घरातसुद्धा मऊ चप्पल घालायची, टाचेला उंची आणि मागून पट्टा असलेली. आईने मान डोलावली. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना म्हणाली, “ह्यातलं एकबी व्हायचं न्हाई.”

खलीलचाचांनी मात्र ते मनावर घेतलं. दुकानातून रोज एखादा जोड घेऊन येत आणि आमच्या उंबऱ्याबाहेर ठेवत. “पैर को पूछो ताई, मेरे को मत पूछो. चार दिवस घालून बघा, न्हाई जमली तर परत द्या.” एक रबरी होती, ती उन्हात अशी तापायची की नळावरच्या रांगेत आई एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचायची. एक चामड्याची होती, देखणी, पण तळ लाकडासारखा. मग त्यांनी एक खरोखरची चांगली आणली. जाड मऊ तळ, टाचेखाली उंची, मागून बक्कलाचा पट्टा. आईने ती घातली, आवारात दोन पावलं टाकली आणि तिचा चेहराच सैल झाला. कितीतरी दिवसांनी मी तो तसा पाहिला. मग तिची नजर बक्कलावर गेली आणि तिने चप्पल काढून ठेवली.

“पळायच्या वक्ताला बक्कल कोण लावत बसंल?”

चाचा हसले नाहीत. त्या वर्षांत आमच्याकडच्या माणसांना असल्या गोष्टीचं हसू येत नसे. भूकंपाच्या पहाटे आई अनवाणी धावली होती, पडलेल्या भिंतीच्या दगडांवरून. तेव्हापासून तिची चप्पल कायम दाराशी, तोंड बाहेर करून ठेवलेली असे, आणि पाय एका दमात आत गेला पाहिजे हा तिचा नियम होता. भूकंप चपला शोधायला वेळ देत नाही हे तिला ठाऊक होतं. चाचा जोड घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी आणला तेव्हा बक्कल कापून तिथे रुंद इलॅस्टिक शिवलेलं होतं. “अब एक झटके में पाँव अंदर,” म्हणाले. आईने घालून बघितली, काढली, परत घातली. मग म्हणाली, “जमलं बघा, भाऊ.”

पण चप्पल मिळून निम्मंच काम झालं होतं. आईला उभं राहायचं होतं ते ओट्यापुढे, आणि ओट्यावरच्या फळीवर देव होते.

हे बाहेरच्याला सांगून पटायचं नाही. देव म्हणजे तळहाताएवढे टाक, एक अन्नपूर्णा, एक बाळकृष्ण. पडलेल्या घराच्या ढिगाऱ्यात आई तीन दिवस हाताने माती उपसत होती ती यांच्यासाठी. भांडी गेली, लुगडी गेली, देव सापडले. ती लातूरला यायला निघाली तेव्हा काकू म्हणाली होती, देव इथंच राहू द्या, मी करते. आई म्हणाली, “मी एकटी कशी राहू तिथं?” मी बरोबर होते तरी ती एकटी म्हणाली, ते मला तेव्हा लागलं होतं.

अशा देवांपुढे, जिथे अन्न शिजतं तिथे, पायात चप्पल घालायची? चाचींनी सुचवलं की घरातली चप्पल वेगळी ठेवा, तिला बाहेरची धूळ लागूच देऊ नका. आई म्हणाली, “तुमी नमाजाच्या जागंवर कोरी चप्पल घालून जाता का?” चाचींनी कानाला हात लावला. “नहीं बाबा, तोबा.” विषय तिथेच मिटला. दोघींना एकमेकींचं इतकं पटलं की मला हसावं की रडावं कळेना. दुसऱ्या खोलीत देव ठेवावेत तर दुसरी खोली नव्हती. स्वयंपाक एकीकडे आणि देव एकीकडे करावेत तर खोलीला बाजूच एक होती. अशी ती चौकोनी अडचण होती आणि तिच्या मधोमध आई दुखऱ्या टाचेवर उभी होती.

ती आतल्या आत उपाय करायची. चवड्यांवर उभी राहायची. पोळ्या करताना ओट्यावर कोपर टेकायची. पायाला जुन्या लुगड्याच्या पट्ट्या गुंडाळायची, त्या घामाने भिजून सुटायच्या. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो मी महिनाभर रोज बघितला.

आणि आता जे सांगायचं ते मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. मला ते बघून बरं वाटायचं.

तिचे हाल बघून बरं वाटत नव्हतं, इतकी मी दुष्ट नव्हते. पण टेबलावर पुस्तक उघडं टाकून मी तिच्या पायांकडे बघत बसायची. आज जास्त लंगडते आहे का? आज नळावर जाताना भिंत धरली का? तिचे पाय हरले तर आम्हाला गावाकडे जावं लागणार होतं, आणि त्यात माझा काही दोष धरला जाणार नव्हता. पोरगी हुशार होती हो, पण आईच्या पायानं घात केला, असं लोक म्हणतील. नवव्या बाकावरून उठून जायला याहून चांगला दरवाजा कुठला असणार? मी रोज तिच्या टाचेला बाम चोळून द्यायची आणि चोळताना मनात म्हणायची, बरी होऊ नकोस.

मग एका सकाळी आईने वाकळ चौपदरी करून ओट्यापुढे अंथरली आणि तिच्यावर उभी राहिली. मऊ लागतंय म्हणाली. दोन दिवस खुशीत होती. तिसऱ्या दिवशी डाळीचं पातेलं उतरवताना वाकळ फरशीवरून सरकली आणि आई पातेल्यासकट खाली आली. हात भाजला, थोडाच, पण पाय असा मुरगळला की चाचा आणि चाची दोघांनी धरून तिला खाटेवर नेलं. चाचांनी निलंग्याला फोन करून गावात निरोप धाडला. अण्णा एसटीने आले. येताना आकितीच्या सणासाठी आंबे आणले होते. त्यांनी सुजलेला पाय बघितला, वर पत्र्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग आईला म्हणाले, “बास झालं. सामान बांध. निलंग्याच्या कालिजातबी बारावी होतीय की.”

माझा आनंद कुणाला दिसेल अशी भीती वाटली. मी टेबलावर मान घातली आणि वाचत असल्याचं सोंग केलं. आईने पदर सुजलेल्या पायावर ओढून घेतला. मग म्हणाली, “आकिती हुंद्या.”

अक्षय्य तृतीयेला तिने बसल्या बसल्या आमरस केला, देवांना दाखवला, पितरांना पान ठेवलं. मी मनातल्या मनात पुस्तकं बांधत होते. कुठली पेटी, कुठली पिशवी. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने अंघोळ केली आणि लंगडत ओट्याशी गेली. फळीवरून एकेक टाक उतरवला, पुसला. पितळी डब्यात तांदूळ घातले, त्यावर नवा खण पसरला आणि देव त्यात ठेवले. मला वाटलं, झाली सुरुवात. डब्याला झाकण लावून तिने तो अण्णांच्या मांडीवर दिला.

“ह्यांना घिऊन जावा. जाऊबाईला म्हणावं, रोज पानी घाल, दिवा लाव. आमी बारावी करून येताव.”

अण्णांनी डबा दोन्ही हातांनी धरला. “देवाबिगर ऱ्हाशील?”

“ऱ्हाते की,” आई म्हणाली. मग उंबऱ्याबाहेर गेली, चाचांची चप्पल उचलली, पदराने तिचा तळ पुसला, आत आणली आणि ओट्यापुढे उभी राहून पायात घातली. इलॅस्टिक टाचेवर बसल्याचा आवाज झाला. अण्णा डबा घेऊन एसटीला गेले. मी नववा बाक, रविवारची परीक्षा आणि तो पत्रा यांच्यासकट तिथेच राहिले.

त्या दिवसाइतकी कोंडी मला पुढे कधी जाणवली नाही. लग्नात नाही, नोकरीत नाही. कुणी दार बाहेरून लावलं असतं तर मी आरडाओरडा केला असता. माझ्या आईने माझ्यासाठी देव घराबाहेर पाठवले होते, आता मी कोणत्या तोंडाने म्हणणार होते की मला जायचं आहे? मी अभ्यास केला. प्रेमाने नाही, भीतीने केला. नवव्या बाकावरून पाचव्यावर आले आणि तिथेच अडकले. आईचे पाय सुधारले, चपलेने आपलं काम चोख केलं. फक्त सकाळी अंघोळ झाल्यावर तिचा हात फळीकडे जायचा आणि रिकाम्या फळीवरून परत यायचा. वर्षभर जात राहिला. बारावीचा निकाल बरा लागला, मेडिकलला पुरेल इतका नाही लागला. मी बी.एस्सी. केलं, बी.एड. केलं, मास्तरीण झाले. आईने कधी एका शब्दाने बोल लावला नाही. ती गावाकडे गेली आणि पुन्हा अनवाणी भुईवर फिरू लागली.

काल दुपारी मी ओट्यापुढे उभी होते. माझ्या स्वयंपाकघरात मी सपाता घालून वावरते, देवघर वेगळ्या खोलीत आहे, त्यामुळे माझ्यापुढे तसला पेच नाही. आई खुर्चीत बसून लसूण सोलत होती. माझे पाय बघत होती. तीच नजर, जिने मी एकेकाळी तिचे बघायची. मला राहवलं नाही.

“आई, लातूरला देव का पाठवून दिलेस गं? खरं सांग.”

“टाच दुखूलाली हुती म्हून.”

“तेवढंच?”

तिने सोललेल्या पाकळ्या वाटीत टाकल्या. “मी लंगडले की तुझं तोंड उजळायचं. मला दिसत नव्हतं व्हय? तू माझ्या पायाच्या भरवशावर बसली हुतीस. म्हणलं, पाय बरं केल्याबिगर ही पोरगी पुस्तकात मान घालायची न्हाई.”

मी गॅस बंद केला. इतकी वर्षं जे लपवलं, आतल्या आत ज्याची लाज बाळगली, ते तिला पहिल्या महिन्यातच ठाऊक होतं. ठाऊक असून ती मला टाचेला बाम चोळू देत होती. आणि ठाऊक असूनच तिने ते दार लावलं होतं. मला तिचे पाय धरावेसे वाटले आणि त्याच क्षणी तिच्यावर ओरडावंसंही वाटलं. दोन्हींतलं काहीच झालं नाही.

“राग हाय का माझ्यावर?” तिने विचारलं. तिच्या आवाजात भीती नव्हती, नुसती चौकशी होती.

खोटं बोलायची सोय उरली नव्हती. “हाय,” मी म्हणाले. “थोडा हाय.”

आईने मान हलवली, पुढची लसणाची कुडी घेतली आणि तिचं साल काढता काढता म्हणाली, “मलाबी हाय. लातूरला जातीस का म्हून मला कुणी इचारलंच न्हवतं.”